गुपित ठेवायला काय लागतं?

‘वीड्स’ ही अमेरिकन मालिका २००५ ते २०१२ अशी आठ पर्वं चालली. नवरा अचानक गेल्यावर नॅन्सी बॉटविन दोन मुलांसाठी, आणि खरं तर त्या मोठ्या घरासाठीही, आपल्या उपनगरात चोरून गांजा विकू लागते. गुपित फुटेल का, या धास्तीवर सगळा विनोद उभा. आम्हीही हसलो.

पण गुपित ठेवायला काय लागतं, बघा. दार लावता येईल अशी खोली, दाराशी गाडी, आणि मुख्य म्हणजे संशय न येणारा पत्ता. आपली गोवंडीही उपनगरच. पण बैंगनवाडीच्या खोलीत कुकरची शिट्टीसुद्धा शेजारी मोजतात, आणि इथल्या पोराने नुसता पत्ता सांगितला तरी समोरच्याची नजर बदलते. एक किलोपर्यंतचा गांजा आपला कायदा अल्प मात्रा धरतो. तो पत्ता विचारत नाही. नजर विचारते.

‘मुलांसाठी करते’ ही नॅन्सीची सबब मात्र मालिका टिकू देत नाही. पुढे धाकट्याच्याच हातून खून होतो. साधनाने साध्यच गिळलं, म्हणतात ते हेच. हा हिशेब मालिकेने चोख मांडला. पत्त्याचा हिशेब आपल्याला मांडायचा आहे.