दोन बहिणी आणि गतकाळाचा मोह

वॉल्टर स्कॉटची ‘द पायरेट’ (१८२२) ही कादंबरी आपल्याकडे ‘आयव्हॅन्हो’इतकी परिचित नाही. सकृद्दर्शनी ती दोन बहिणींच्या प्रेमशोधाची अद्भुतरम्य कथा आहे. परंतु त्या कथेच्या आश्रयाने ऐतिहासिक कादंबरीच्या मुळाशी असलेला एक प्रश्न स्कॉट उपस्थित करतो : भूतकाळावर लुब्ध झालेले मन समोरच्या माणसाला ओळखू शकते काय?

कथा घडते सतराव्या शतकाच्या अखेरीस, शेटलंड बेटांवर. पंधराव्या शतकात नॉर्स अंमलाखालून स्कॉटलंडकडे गेलेला हा प्रदेश स्कॉटने १८१४ मध्ये दीपगृह-आयुक्तांच्या जहाजातून प्रवास करताना पाहिला होता. जमीनदार मॅग्नस ट्रॉइलच्या दोन कन्या : मिना गंभीर, पूर्वजांच्या पराक्रमकथांत रमणारी, ब्रेंडा हसरी, समंजस. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला क्लीव्हलंड हा चाचा आहे हे कळूनही मिना दुरावत नाही. कारण तिला त्याच्या ठायी प्राचीन नॉर्स सागरवीर दिसतो. चाचेगिरीचे खरे रूप उमगल्यावर ती त्याच्या सुटकेसाठी झटते, परंतु त्याचा कायमचा निरोप घेते. ब्रेंडा मात्र मॉर्डंटला तो आहे तसा पाहते, आणि सुखी होते.

जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मध्येही (१८११) अशाच भिन्न प्रकृतीच्या दोन बहिणी आहेत. तेथील मेरिअनचा भ्रम वैयक्तिक भावविवशतेचा आहे. मिनाचा भ्रम मात्र एका समूहाच्या स्मृतीने घडविलेला आहे. म्हणूनच नॉर्ना या पात्राचे प्रयोजन ध्यानात येते. वाऱ्यावर आपली सत्ता चालते असे मानणारी ही वृद्धा मॉर्डंटला आपला पुत्र समजते आणि ज्याच्या नाशाला साहाय्य करते तो क्लीव्हलंडच तिचा खरा पुत्र निघतो. मिनाच्या मोहाची ही शोकात्म परिणती होय.

नॉर्नाची लांबलचक भाषणे आणि शेवटची नात्यांची उकल कृत्रिम वाटते, हे मान्य केले पाहिजे. तरीही स्कॉटचे श्रेय असे की, विवाहाचे सुख ब्रेंडाला देऊनही तो मिनाला हास्यास्पद करीत नाही. अविवाहित राहून इतरांसाठी जगणाऱ्या मिनाची उंची वाचकाच्या मनात कमी होत नाही.

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ ‘मोचनगड’पासून (१८७१) मानला जातो. गतकाळाचे तेज आपल्या कादंबरीकारांनी स्वत्वजागृतीसाठी वापरले. पारतंत्र्यात ती गरजच होती. परंतु त्या तेजाने डोळे दिपलेली आणि पुढे स्वतःच डोळे उघडणारी मिना आपल्या ऐतिहासिक कादंबरीत क्वचितच भेटते. ती उणीव आजही जाणवते.