‘बरे होणे’ आणि ‘तारण’ : दोन आत्मनिवेदनांतील आर्त क्षण

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना एक समजूत वारंवार भेटते. माणूस संकटात सापडतो, त्याचे सर्व आधार तुटतात, निराशेच्या टोकास तो ख्रिस्ताला हाक मारतो आणि त्या हाकेसरशी त्याचे शरीर वा मन बरे होते. उपासनासभांतून सांगितल्या जाणाऱ्या ‘साक्ष’ या मौखिक प्रकाराचा तर हा ठरलेला साचाच होय. आजार, वैद्यांनी टेकलेले हात, प्रार्थना आणि आरोग्य, हा त्याचा क्रम. श्रद्धाळू श्रोता याला चमत्कार म्हणतो. विरोधक म्हणतो की, हतबल माणसाची ती गरज होय, श्रद्धा नव्हे. दोघांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : आर्त क्षण आणि श्रद्धेचा जन्म यांत अंतर नसते. हे गृहीतक पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मनिवेदनांना कितपत लागू पडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. नव्या करारातील ग्रीक ‘सोझो’ या क्रियापदात आजारातून सोडविणे आणि नाशापासून तारणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मार्काच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीला आणि लूकच्या सातव्या अध्यायातील पापी म्हणून हिणविल्या गेलेल्या स्त्रीला येशू मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य बोलतो. प्रचलित मराठी भाषांतरात मात्र पहिल्या ठिकाणी ‘बरे करणे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘तारणे’ अशी निरनिराळी क्रियापदे येतात. भाषांतरकाराचा यात दोष नाही; मराठीला एका शब्दात दोन्ही अर्थ पेलता आले नाहीत, इतकेच. तथापि मराठीजवळ आणखी एक शब्द आहे, तो ‘स्वस्थ’. मूळ अर्थाने जो स्वतःच्या ठायी स्थिर आहे, तो स्वस्थ. आपल्या व्यवहारात तो ‘शांत, निश्चळ’ या अर्थाने रूढ झाला. परंतु ‘अस्वस्थ’ आणि ‘स्वास्थ्य’ या शब्दांत शरीर व मन ही दोन्ही अद्याप एकत्र आहेत. पुढील विवेचनास हा शब्द उपयोगी पडेल.

रमाबाईंच्या वाट्यास आलेली संकटे कोणासही ठाऊक आहेत. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात आई, वडील व बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले. हतबलतेतून श्रद्धा उपजत असती, तर ती येथेच उपजावयास हवी होती. प्रत्यक्षात दुष्काळाने त्यांच्याकडून जुनी श्रद्धा काढून घेतली, परंतु तिच्या जागी नवी ठेवली नाही. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमधील वाँटेज येथे १८८३ साली झाला. एवढ्यावरही गोष्ट संपत नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या म्हणतात, त्याचा आशय असा की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. अंतःकरणाची शांती लाभली ती सुमारे आठ वर्षांनंतर. संकट, धर्मस्वीकार आणि स्वास्थ्य या तीन घटना त्यांच्या आयुष्यात पंधरा-सोळा वर्षांच्या अवधीत विखुरलेल्या आहेत.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त हे अंतर अधिक ठळक होते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना जीव नकोसा झाला. त्यांच्या जीवनातील पराकोटीचा आर्त क्षण हाच. आणि त्याला कारण झाला तो ख्रिस्ती धर्मच. ज्याने जखम केली त्याच्याकडेच औषध मागावे, असे त्यांना तेव्हा वाटले नाही. काही वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. परिवर्तन घडले ते निवांत विचाराच्या एका घटकेत, आणि विचाराचा विषय होता जातिभेद : हा भेद देवाने केला की माणसाने? माणसाने केला, असे मनाने उत्तर दिले आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा त्यांनी निश्चय केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे श्रद्धेचा प्रारंभ पाण्याच्या भांड्यापासून होतो. तारणाच्या सिद्धान्ताचा तेथे उल्लेखही नाही.

दोन्ही निवेदनांच्या भाषेतील फरकही लक्षात घेण्याजोगा आहे. रमाबाईंचे निवेदन इंग्रजीत, बहुतांशी दूरच्या ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलेले आहे. त्यामुळे पाप, कृपा, तारण या क्रमाने अनुभवाची मांडणी होते. लक्ष्मीबाई घरात बोलावे तशा मराठीत लिहितात. परिभाषा त्यांच्या हाती येतच नाही, आणि स्वतःची फजितीही त्या हसत सांगतात. त्या काळच्या मराठीत धर्मांतराला सर्रास वापरले जाणारे क्रियापद ‘बाटणे’ हे होते. ज्या भाषेत आपल्या निर्णयाला निंदेवाचून शब्द नाही, त्या भाषेत तो निर्णय सांगावयाचा तर सिद्धान्त सोडून प्रसंग सांगणे, हाच मार्ग उरतो. ‘स्मृतिचित्रां’च्या शैलीचे बळ काही अंशी या अडचणीतून आलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर प्रतिपादन सरळ आहे : आर्त क्षण जुने मोडतो, नवे घडवावयास काळ लागतो. परंतु या निष्कर्षाची मर्यादा सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या दोघीही ब्राह्मण घरांत जन्मलेल्या व लेखणी हाती असलेल्या होत्या. त्यांना विचारासाठी वर्षे मिळाली. आपल्या मराठवाड्यात, जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. तेथे आलेले लोक प्रामुख्याने मांग व महार समाजांतील होते. त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. ज्याला धान्य, पाणी, औषध आणि माणूस म्हणून हाक ही सर्व एकाच दारी मिळाली, त्याने ‘बरे होणे’ आणि ‘तारण’ यांत भेद का करावा? ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा सुशिक्षितांचा आहे. तो देताना आपण भूक ही आत्म्याबाहेरची वस्तू मानतो, हे ध्यानात येत नाही.

उलट बाजूही पाहावयास हवी. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. साक्षीच्या साच्याप्रमाणे पाहिले तर ही प्रार्थनेची हार ठरेल. रमाबाईंनी मात्र हिब्रू व ग्रीकवरून चालविलेले मराठी बायबलाचे काम सोडले नाही. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या त्यातच गुंतलेल्या होत्या. येथे बरे होणे नाही, स्वास्थ्य आहे.

म्हणून ‘साक्ष’ या प्रकाराचे परीक्षण करताना तिच्यातील चमत्कार खरा की खोटा, या एकाच प्रश्नाशी अभ्यासकाने अडून राहू नये. ती कोणी सांगितली, कोणत्या भाषेत सांगितली, संकट व श्रद्धा यांमधील किती वर्षे साच्यात बसविण्यासाठी गाळली गेली, हे प्रश्न अधिक फलदायी आहेत. लिखित निवेदनांत ती वर्षे सापडतात. बोलल्या जाणाऱ्या साक्षींत ती शोधण्याचे काम मराठवाड्यातील अभ्यासकांपुढे अद्याप आहे. आणि ते करावयाचे तर प्रथम सांगणाऱ्याचे बोलणे, त्याला हवा तितका वेळ देऊन, पुरते ऐकून घ्यावे लागेल.