नाव दोघांचे, कारभार एकाचा

इंग्लंडचा १६८९चा हक्कनामा गाजला तो राजाचे हात बांधणाऱ्या कलमांमुळे. संसदेच्या संमतीवाचून कर बसवायचा नाही, शांततेच्या काळात खडी फौज बाळगायची नाही, कायदा परस्पर गुंडाळून ठेवायचा नाही. त्यांचे महत्त्व कोण नाकारील? पण मला त्यातली राज्यदानाची तरतूद जास्त चवीची वाटते. विल्यम राजा आणि मेरी राणी, दोघांच्या डोक्यावर मुकुट. मात्र दोघे हयात असेतो सत्ता एकट्या विल्यमने चालवायची, तीही दोघांच्या नावाने. एक गेला की राज्य मागे राहिलेल्याचे.

मसुदा लिहिणाऱ्यांचे कसब त्या विभागणीत आहे. मेरी ही पळालेल्या दुसऱ्या जेम्सची मुलगी, म्हणून रक्ताचा हक्क मानणाऱ्यांसाठी तिचे नाव. फौज घेऊन हॉलंडहून आलेला विल्यम बायकोचा मानकरी होऊन राहायला तयार नव्हता, म्हणून त्याला कारभार. आणि हे वाटप करायला बसले कोण? उमराव आणि लोकप्रतिनिधी. गादी कोणाची, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी फारसा गाजावाजा न करता स्वतःकडे घेतला. त्या काळच्या नाण्यांवर दोघांचे मुखवटे एकावर एक कोरलेले दिसतात. पुढे विल्यम, त्याच्याआड मेरी. खोदकाम करणाऱ्यालाही तरतूद नीट कळली होती म्हणायची!

गोंदियाकडच्या वाचकाला यात नवल वाटायचे कारण नाही. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे आणि बांधीत नांगर एकाचाच, हे इथे गावोगाव आहे.

आणि राजगादीवरचा असा प्रयोग वैनगंगेच्या खोऱ्यानेही पाहिला आहे. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांच्या अमलाखाली होता. १७३९च्या सुमारास चांद सुलतान वारला आणि बख्त बुलंदचा अनौरस मुलगा वलीशाह याने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. वलीशाह हरला आणि तिचे दोन्ही मुलगे, बुऱ्हाणशाह व अकबरशाह, एकाच राज्याचे धनी झाले. सत्ता नक्की कोणी चालवायची, ही लंडनकरांनी आधीच मिटवलेली बाब इथे मोकळी राहिली. भाऊ भांडले. १७४३मध्ये रघूजी परत आले, ते राहायलाच. अकबरशाहला हैदराबादेत आसरा घ्यावा लागला. बुऱ्हाणशाहला तनखा मिळाला, राजेपणही राहिले.

रघूजींची खरी करामत इथून पुढे आहे, आणि ती मला लढाईपेक्षा सरस वाटते. गादी पुसून टाकणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ती जपली. नागपूरच्या भोसल्याने गादीवर बसताना गोंड राजाच्या हातून टिळा लावून घ्यायचा, काही महसुली कागदांवर त्याची मोहोर उमटायची. वसूल भोसल्यांचा, मोहोर गोंडांची. इंग्लंडात जे दोघा नवराबायकोंत वाटले गेले, ते इथे दोन घराण्यांत वाटले गेले. फरक मोठा आहे: तिथली वाटणी संसदेने कागदावर आणली, तिची मोडतोड करायची तर पुन्हा संसदेतच यावे लागे. इथली वाटणी जेत्याच्या मर्जीवर उभी होती. रतनकुंवरच्या मुलांना दाद मागायला तिसरी जागाच नव्हती.

तरी लंडनच्या कारागिरीतही एक फट राहिलीच. १६९०मध्ये विल्यम आयर्लंडच्या लढाईवर निघाला, तेव्हा प्रश्न आला की मागे राज्य कोणी चालवायचे. राणी तर घरातच होती, पण सत्ता एकट्या विल्यमची असे लिहून ठेवलेले. शेवटी संसदेने नवा कायदा करून, तो देशाबाहेर असेल तेवढ्या काळापुरती मेरीला तिच्याच राज्याची सत्ता चालवायला दिली.