कलावंत, कलावंतीण आणि पुनःप्रवेशाचा प्रश्न

अंबडच्या औद्योगिक वसाहतीपासून जवळच, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, दादासाहेब फाळके ह्यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या ह्या चित्रपटकर्त्याला १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामतीची भूमिका करावयास स्त्री मिळाली नाही. अखेर ती अण्णा साळुंके ह्यांनी केली. हा प्रसंग आज गमतीने सांगितला जातो. त्यामागील भाषिक वस्तुस्थिती मात्र गमतीची नाही. 'कलावंत' ह्या शब्दाने गौरव होतो; त्याचेच स्त्रीलिंगी रूप 'कलावंतीण' हे नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रीचे, आणि त्या ओघाने अप्रतिष्ठेचे, वाचक ठरले. प्रत्यय लिंगाचा, पण त्याने अब्रूही बदलली.

बदनाम झालेल्या कलावंतास पुन्हा काम करू द्यावे काय, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा फसते, ती 'दोषी' आणि 'बदनाम' हे शब्द एकमेकांच्या जागी योजल्यामुळे. दोष कृतीला चिकटतो. तो सिद्ध करावा लागतो आणि सिद्ध झाल्यावर शिक्षेला सामान्यतः मुदत असते. बदनामी नावाला चिकटते. तिला पुरावा लागत नाही, मुदतही नसते. फारसीतून आलेला हा समास 'वाईट' आणि 'नाव' ह्या दोनच घटकांचा आहे. कृतीला त्यात जागाच नाही.

नावच वाईट असेल तर नाव बदलणे हा उपाय सुचणे स्वाभाविक होय. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदार ह्यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती नेमली गेली. तमाशा परतला, परंतु 'लोकनाट्य' ह्या नावाने. अण्णाभाऊ साठे ह्यांनी त्यातून राजकीय आशय मांडला. व्यंकटेश माडगूळकर, पु. ल. देशपांडे आणि पुढे वसंत सबनीस ह्यांनी ते नागर प्रेक्षकांपर्यंत नेले. 'विच्छा माझी पुरी करा' हे १९६५ चे लोकनाट्य अव्वल दर्जाचे आहे, ह्याबद्दल दुमत नसावे. तथापि समीक्षेने एक गोष्ट नजरेआड केली आहे. प्रतिष्ठा मिळाली ती गण, गवळण, बतावणी आणि वग ह्या रचनेला. फडावर नाचणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला तिचा अल्पांशच आला. आकृतिबंध शुद्ध करून घेतला, माणसे बाहेर राहिली.

ह्याच प्रवृत्तीचे अलीकडील रूप डान्सबारविषयक कायद्यांत दिसते. २००५ मध्ये मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून बारमधील नृत्यास बंदी झाली. तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. तेच नृत्य एका छपराखाली अश्लील आणि दुसऱ्या छपराखाली निर्वेध, असा हा भेद. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. मधल्या वर्षांत त्या स्त्रियांचा व्यवसाय गेला, दोष कोणताही सिद्ध न होता. २०१६ च्या नव्या कायद्याच्या नावातच स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे रक्षण आले आणि परवाना मागणाऱ्याचे 'चारित्र्य चांगले' असावे, अशीही अट आली. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती अट संदिग्ध म्हणून रद्द केली. अर्थविचाराच्या अभ्यासकाने हा निकाल अवश्य वाचावा. एखाद्या विशेषणाचा अर्थ निश्चित करता येत नाही म्हणून ते कायद्यातून काढून टाकल्याची उदाहरणे रोज सापडत नाहीत.

आता ज्याचा दोष खरोखर सिद्ध झाला, त्याची स्थिती पाहावी. संजय दत्त ह्यांना १९९३ मध्ये अटक झाली. २००६ मध्ये विशेष न्यायालयाने कटाच्या आरोपातून त्यांना मुक्त केले, पण शस्त्र कायद्याखाली दोषी ठरविले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा निश्चित केली. खटला प्रलंबित असतानाच 'वास्तव' (१९९९) आणि 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' (२००३) आले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्यातून सुटका झाली. २०१८ मध्ये तर त्यांच्या जीवनावरच चित्रपट निघाला. शिक्षा भोगलेल्या माणसाने काम करू नये, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्याकडे चारित्र्याचा दाखला निर्मात्यांनी मागितल्याचे दिसत नाही. तो मागितला गेला तमाशाकडे आणि डान्सबारकडे.

ह्याहून कठीण प्रश्न तेथे उभा राहतो, जेथे अपराधाचे स्थळ आणि कामाचे स्थळ एकच असते. २०१८ मध्ये चित्रसृष्टीतील अनेक स्त्रियांनी जाहीर तक्रारी केल्या. अशा ठिकाणी दोष ठरल्यावर शिक्षेची मुदत संपली, एवढे पुरत नाही. त्याच जागी रोज काम करणाऱ्या इतरांची सुरक्षितता हाही विचाराचा भाग होतो, आणि त्यांचे मत प्रेक्षकांच्या टाळ्यांवरून कळत नाही. शिवाय ह्या चर्चेत 'पुनरागमन' हा शब्द नेहमी आरोप झालेल्याच्या नावापुढे येतो. तक्रारीनंतर जिला काम मिळेनासे झाले, तिच्याविषयी तो क्वचितच योजला जातो.