जादूची शाळा आणि ‘गुण’ : ‘हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन’ या कादंबरीतील शिक्षणविचाराची चिकित्सा

प्रस्तावना

ब्रिटिश लेखिका जे. के. रोलिंग यांची ‘हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन’ ही कादंबरी 26 जून 1997 रोजी लंडनच्या ब्लूम्सबरी या संस्थेने प्रकाशित केली. पहिली आवृत्ती अवघ्या 500 प्रतींची होती. पुढील वर्षी ती अमेरिकेत बदललेल्या नावाने आली आणि 2007 पर्यंत या मालिकेच्या सात कादंबऱ्या पूर्ण झाल्या. मराठीत पहिली कादंबरी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने उपलब्ध आहे.

या कादंबरीची चर्चा बहुधा तिच्या लोकप्रियतेभोवती किंवा तिच्यातील अद्भुताभोवती फिरते. तथापि, तिच्या सतरा प्रकरणांपैकी बहुतांश भाग एका निवासी शाळेच्या एका शैक्षणिक वर्षाने व्यापला आहे. वेळापत्रक, गृहपाठ, शिक्षा, वार्षिक परीक्षा आणि निकाल हे सर्व तिच्यात तपशिलाने येते. त्यामुळे ही कादंबरी जादूविषयी जेवढी आहे, तेवढीच ती शिक्षणाविषयीही आहे. मराठीत ‘गुण’ या शब्दाला परीक्षेतील अंक आणि स्वभावातील चांगुलपणा असे दोन अर्थ आहेत. या दोन अर्थांमधील ताण हाच या कादंबरीचा गाभा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. शाळा कोणत्या गुणांना गुण देते, हा प्रश्न ही कादंबरी उपस्थित करते. परंतु त्याचे उत्तर देताना ती स्वतःच एका अंतर्विरोधात सापडते.

शालेय कथेची परंपरा

निवासी शाळेतील मुलांच्या कथेला इंग्रजीत दीर्घ परंपरा आहे. टॉमस ह्यूज यांची ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ (1857) ही कादंबरी रग्बी येथील शाळेवर आधारलेली असून मुख्याध्यापक डॉ. आर्नल्ड यांच्या नैतिक प्रभावाचे चित्र तिच्यात आहे. नवागत मुलगा, त्याचे जिवलग मित्र, त्याला छळणारा मुलगा, मैदानावरील पराक्रम आणि दुरून सर्व पाहणारे मुख्याध्यापक हा साचा तेथून पुढे रूढ झाला. रोलिंग यांनी तो जवळजवळ तसाच उचलला आहे. हॅरी, रॉन व हर्मायनी, ड्रॅको मॅल्फॉय, क्विडिचचा खेळ आणि डम्बलडोर ही त्या साच्यातीलच स्थाने आहेत.

जादूच्या शाळेची कल्पनाही नवी नव्हती. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) या कादंबरीत रोक बेटावर अशी शाळा आहे, तर जिल मर्फी यांच्या ‘द वर्स्ट विच’ (1974) या पुस्तकात ती विनोदाच्या अंगाने येते. ले ग्विन यांचा नायक गेड अहंकारापोटी एक छाया मोकळी करतो. त्या छायेला शाळेबाहेर जाऊन, एकट्याने सामोरे जाणे हेच त्याचे खरे शिक्षण ठरते आणि ती छाया अखेर त्याचेच रूप निघते. रोलिंग यांच्या पहिल्या कादंबरीत मात्र दुष्टत्व शाळेच्या आतच, एका शिक्षकाच्या फेट्याखाली दडलेले आहे. त्याच्याशी मुकाबला करताना शेवटच्या दारापर्यंत मित्र सोबत असतात. शाळेची वास्तू, शिक्षक आणि अभ्यास यांना येथे जे महत्त्व लाभते, त्याचे कारण या फरकात आहे.

वर्ग आणि शिक्षक

प्रिव्हेट ड्राइव्हवरील मावशीच्या घरात हॅरी जिन्याखालच्या कपाटात राहतो. त्याला आलेल्या पहिल्या पत्रावरील पत्त्यात या कपाटाचाही उल्लेख असतो. घरातील माणसांनी ज्याचे अस्तित्व लपवले, त्याची नोंद एका शाळेने घेतली आहे, हा त्या पत्राचा अर्थ होय. उपेक्षित मुलासाठी शाळा ही मुक्तीची वाट असते, ही जाणीव कादंबरीच्या आरंभीच्या प्रकरणांना भावनिक बळ देते. रॉनची परिस्थिती याच्या जोडीला पाहावी लागते. भावांचे जुने कपडे, जुनी छडी आणि जुना उंदीर घेऊन तो शाळेत येतो. जादूच्या जगातही गरिबी नाहीशी होत नाही, हे लेखिकेने सहजपणे नोंदवले आहे.

हॉगवर्ट्समधील वर्गांचे चित्रण मात्र गौरवपर नाही. जादूचा इतिहास शिकवणारे प्राध्यापक बिन्स शिक्षकांच्या खोलीत शेकोटीपुढे झोपी गेले आणि दुसऱ्या दिवशी शरीर मागे ठेवून वर्गावर आले. तेव्हापासून ते भूत होऊन तोच विषय शिकवीत आहेत. जिवंत असताना आणि मृत्यूनंतर अध्यापनात काहीही फरक न पडणे, हा अध्यापन व्यवसायावरील उपहास विनोदी असला तरी बोचरा आहे. स्नेप पहिल्याच तासाला न शिकवलेल्या गोष्टी विचारून हॅरीला वर्गासमोर अपमानित करतो. उत्तर येणाऱ्या हर्मायनीच्या उंचावलेल्या हाताकडे तो पाहतही नाही. प्रश्नाचा उपयोग शोधासाठी न होता अधिकार गाजवण्यासाठी झाला की वर्गाचे काय होते, याचा हा नमुना आहे.

असे असले तरी कादंबरी वर्गातील ज्ञानाला निरुपयोगी ठरवत नाही. फ्लिटविक यांच्या तासाला पीस हवेत उचलण्याचा मंत्र रॉनला नीट साधत नाही आणि हर्मायनीने केलेली सुधारणा त्याला झोंबते. त्याच रात्री हर्मायनीवर चालून आलेल्या राक्षसाचा सोटा तो त्याच मंत्राने उचलतो. वर्गात विद्या निव्वळ कौशल्य होती. दुसऱ्याच्या प्राणाची काळजी तिच्याशी जोडली गेली तेव्हा ती फलदायी झाली. या प्रसंगानंतर हर्मायनी मित्रांना वाचवण्यासाठी शिक्षकांसमोर खोटे बोलते. नियमांचे अक्षरशः पालन करणाऱ्या मुलीने नियम मोडावा आणि तेथूनच तिघांच्या मैत्रीला आरंभ व्हावा, ही योजना सूचक आहे. नैतिक वाढ आणि नियमपालन या दोन गोष्टी येथे पहिल्यांदा वेगळ्या होतात.

दोन परीक्षा

वर्षअखेरीस दोन परीक्षा होतात. पहिली वेळापत्रकातील: अननसाला नाचवणे, उंदराचे तपकिरीच्या डबीत रूपांतर करणे, विस्मृतीचे औषध तयार करणे. दुसरी भुयारातील. परिसाच्या रक्षणासाठी शिक्षकांनी उभे केलेले अडथळे पाहिले असता प्रत्येक अडथळा हा त्या त्या शिक्षकाच्या विषयाची प्रश्नपत्रिकाच असल्याचे दिसते. स्प्राउट यांची वेल, फ्लिटविक यांच्या उडत्या किल्ल्या, मॅक्गोनागल यांचा बुद्धिबळाचा पट आणि स्नेपचे तर्काचे कोडे ही त्याची उदाहरणे आहेत. वेलीचे उत्तर हर्मायनीला पाठ असते. मात्र संकटात ती गोंधळते आणि रॉनला तिला भानावर आणावे लागते. किल्ली पकडण्यासाठी हॅरीची चपळाई उपयोगी पडते. बुद्धिबळात रॉन स्वतःचा बळी देऊन वाट मोकळी करतो. शेवटचे कोडे जादूने नव्हे, केवळ तर्काने सुटते आणि ते हर्मायनी सोडवते.

पहिल्या परीक्षेत प्रत्येक विद्यार्थी एकटा असतो आणि सहकार्य हा गुन्हा ठरतो. दुसरीत एकट्याने उत्तीर्ण होणे अशक्य आहे. कोणा एकाकडे सर्व विषयांची क्षमता नसते, हे वास्तव या रचनेत गृहीत धरलेले आहे. म्हणूनच निरोप घेताना सर्वांत हुशार विद्यार्थिनी पुस्तकी बुद्धीपेक्षा मैत्री आणि धैर्य यांना वरचे स्थान देते. तिच्या तोंडी हा विचार येणे अर्थपूर्ण आहे. तो अभ्यास टाळणाऱ्याने केलेला युक्तिवाद राहत नाही.

आरसा आणि परीस

शेवटचा अडथळा डम्बलडोर यांचा आहे. एरिसेडच्या आरशात पाहणाऱ्याला स्वतःची सर्वांत खोल इच्छा दिसते. हॅरीला त्यात मृत आईवडील दिसतात, तर रॉनला स्वतःची कीर्ती. आरसा ज्ञान देत नाही आणि सत्यही दाखवत नाही, हे डम्बलडोर हॅरीला समजावतात. अखेरीस परीस त्यालाच मिळतो, ज्याला तो शोधायचा आहे पण वापरायचा नाही. विद्येचा अंतिम निकष कौशल्य नसून हेतू आहे, हे सूत्र येथे कथानकाच्या यंत्रणेत बसवले आहे. याउलट क्विरल हा काळ्या जादूपासून बचाव शिकवणारा शिक्षक चांगले-वाईट असा भेद नसून फक्त सामर्थ्य असते, अशी शिकवण स्वीकारून बसला आहे. विषय शिकवणारा त्या विषयाच्या मूल्यांना बांधील असेलच असे नाही, हा इशारा त्याच्या व्यक्तिरेखेत आहे. मुलांनी ज्याच्यावर संशय घेतला तो स्नेप हॅरीचे रक्षण करीत होता, हे कळल्यावर हा इशारा अधिक गंभीर होतो.

मराठी शीर्षकातील ‘परीस’ या शब्दाचाही येथे विचार करावा लागतो. युरोपीय किमयाशास्त्रातील या दगडाची दोन कार्ये मानली जात: धातूचे सोने करणे आणि अमरत्व देणारा रस पुरवणे. कादंबरीतील निकोलस फ्लामेल त्या रसाच्या बळावर 665 वर्षे जगला आहे आणि व्होल्डेमॉर्टलाही सोने नव्हे, अमरत्व हवे आहे. मराठी परंपरेतील परिसाला हा दुसरा अर्थ नाही. त्यामुळे शीर्षकात कथानकाची मुख्य प्रेरणा काहीशी झाकली जाते. मात्र त्याच वेळी एक नवा अर्थ उजळतो. मराठी मनात परीस म्हणजे स्पर्शाने होणारे परिवर्तन. गुरूच्या आणि संतांच्या सहवासासाठी ही प्रतिमा रूढ आहे. कादंबरीचा उत्कर्षबिंदूही स्पर्शावरच उभा आहे. आईच्या बलिदानाचे संरक्षण ज्याच्या देहात आहे, त्या हॅरीचा स्पर्श क्विरलला जाळतो. खिशातला दगड काहीच करीत नाही. जे घडते ते प्रेमाने पावन झालेल्या त्वचेमुळे. भाषांतरात एक अर्थ उणावला, पण कादंबरीतील खरा परीस कोणता, याचे सूचन त्या शब्दाने केले, असे म्हणता येते.

गुणदान आणि अंतर्विरोध

विद्या, हेतू आणि प्रेम यांचा हा प्रवास ज्या प्रसंगात संपतो तो निकालाचा आहे. निरोपाच्या मेजवानीच्या वेळी स्लिदरिन 472 गुणांवर प्रथम, तर ग्रिफिंडॉर 312 गुणांवर शेवटच्या स्थानावर असते. डम्बलडोर रॉन व हर्मायनी यांना प्रत्येकी 50 आणि हॅरीला 60 गुण देतात. दोन्ही गट समान होतात. त्यानंतर मित्रांना नियम मोडण्यापासून रोखू पाहणाऱ्या नेव्हिलला 10 गुण मिळतात आणि ग्रिफिंडॉर जिंकते. नेव्हिलला सन्मान देण्यातील सूक्ष्मता मान्य करावी लागते. शत्रूपेक्षा मित्राला विरोध करणे कठीण असते, हे ओळखून विसराळू आणि भित्र्या मानल्या गेलेल्या मुलाचे गुण निर्णायक ठरवले आहेत. शिवाय तो अयशस्वी झाला होता. म्हणजे येथे फळाला नव्हे, वृत्तीला गुण मिळाले.

परंतु या प्रसंगाची दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. जे गुण अंकांत मोजता येत नाहीत, असे कादंबरीने सोळा प्रकरणे सांगितले, तेच शेवटी अंकांत मोजले जातात. निकाल जाहीर झाल्यानंतर, सर्वांसमक्ष तो बदलला जातो आणि हिरवे-रुपेरी पडदे लाल-सोनेरी होतात. वर्षभर रीतसर गुण मिळवणाऱ्या एक चतुर्थांश शाळेचा हा जाहीर अवमान आहे. स्लिदरिनच्या टेबलावर अकरा वर्षांची मुलेही बसली होती, याचा विसर मुख्याध्यापकांना आणि काही अंशी लेखिकेलाही पडला आहे.

याचे मूळ टोपीने केलेल्या वर्गीकरणात आहे. अकराव्या वर्षी स्वभाव निश्चित करून मुलांची चार गटांत विभागणी होते. हॅरीने मनोमन केलेली विनंती टोपी मान्य करते. म्हणजे निवडीला वाव आहे. मात्र हा वाव इतरांना ठाऊक नाही. पुढे सातव्या कादंबरीत (2007) ही विभागणी फार लवकर होते की काय, अशी शंका डम्बलडोर यांच्याच तोंडी येते. पहिल्या कादंबरीत ही आत्मपरीक्षा नाही. तसेच मेजवानीचे अन्न ताटांत आपोआप प्रकटते. ते रांधणारे हात चौथ्या कादंबरीपर्यंत (2000) अदृश्यच राहतात.

मुख्याध्यापकांची भूमिकाही निर्विवाद नाही. संधी मिळावी म्हणून डम्बलडोर यांनी आपल्याला जाणूनबुजून अडवले नसावे, असा तर्क हॅरी शेवटी कृतज्ञतेने मांडतो. विद्यार्थ्यावर दाखवलेला हा विश्वास उदात्त आहे. पण त्याची किंमत अकरा वर्षांच्या मुलांचे प्राण होऊ शकली असती. गुरूने घेतलेली परीक्षा शिष्याला ठाऊक नसेल, तर तिला शिक्षण म्हणावे की प्रयोग, हा प्रश्न कादंबरी अनुत्तरित ठेवते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, अद्भुताच्या आवरणाखाली ही कादंबरी ज्ञान, हेतू आणि मूल्य यांच्या परस्परसंबंधाचा गंभीर विचार करते. दुसरा, वर्गातील विद्या ती नाकारत नाही; दुसऱ्याविषयीच्या आस्थेशी जोडली गेल्याखेरीज ती अपुरी राहते, असे दाखवते. तिसरा, व्यक्तीच्या पातळीवर निवडीचे स्वातंत्र्य मानणारी ही कादंबरी समूहाच्या पातळीवर मात्र शिक्के मारण्याच्या सवयीतून मुक्त होत नाही.

हा अंतर्विरोध केवळ कलाकृतीचा दोष नव्हे. मूल्यमापन करणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत तो वास करतो. धैर्य, सहकार्य आणि प्रामाणिकपणा यांची दखल घेतली नाही, तर शाळा केवळ कौशल्ये वाटते; दखल घेण्यासाठी त्यांना अंक दिले, तर त्या गुणांचेही स्पर्धेत रूपांतर होते. नेव्हिलचे 10 गुण या कोंडीच्या नेमक्या मध्यभागी उभे आहेत. ते त्याला मिळायलाच हवे होते, हे वाचकाला पटते. आणि ज्यांच्या हातून चषक गेला त्या मुलांच्या चेहऱ्यांकडे कादंबरीने एकदा पाहायला हवे होते, हेही तितकेच पटते.