तक्त्यातले बाण

‘विजेचा प्रवास’ दाखवणारा तक्ता अनेक शाळांच्या प्रयोगशाळेत टांगलेला असतो. डावीकडे औष्णिक केंद्र, मग मनोरे, उपकेंद्र, गल्लीतले रोहित्र, उजवीकडे दिवा लागलेले घर आणि मध्ये बाण. क्रम अचूक आहे. २००५ साली महाराष्ट्राच्या वीज मंडळाचे विभाजन झाले तेव्हा महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या, त्याही याच टप्प्यांनुसार.

माझा आक्षेप बाणांना आहे. ते पाहून मुलांना वीज पाटाच्या पाण्यासारखी वाटते. कुठेतरी साठलेली, सोडली की येणारी. कोयनेत पाणी साठते, तारांत वीज साठत नाही. वर्गातला पंखा लावला की त्याच क्षणी तेवढी जादा वीज निर्माण व्हावी लागते. एका ग्रिडला जोडलेली जनित्रे एकाच ठेक्यात फिरतात. भार वाढला की त्यांची गती किंचित मंदावते, वारंवारता ५० हर्ट्झखाली जाते आणि नियंत्रक वाफेची किंवा पाण्याची झडप अधिक उघडतो. म्हणजे घराकडून केंद्राकडेही निरोप जातो. तक्त्यात त्याला जागाच नाही!

५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ मिनिटे देशभर दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी ३१ हजार मेगावॅटहून अधिक घसरली. जलविद्युत केंद्रांची निर्मिती झटपट घटवून पुन्हा वाढवली, म्हणून तोल राहिला. उलट, ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भागही. केंद्रे जागेवर होती. बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली, तिचा भार इतर वाहिन्यांवर गेला आणि त्याही एकामागून एक सुटल्या. एकेरी बाणांच्या चित्रावरून हे कसे समजावणार?

‘दाब वाढवला की व्यय घटतो’ हे तक्त्याखालचे वाक्यही अपुरे आहे. ओहमचा नियम शिकलेला विद्यार्थी विचारतोच, “दाब वाढला तर प्रवाहही वाढेल ना?” प्रश्न रास्त आहे. पण इथे पोहोचवायची शक्ती ठरलेली असते. दाब दहापट केला तर प्रवाह दशांश होतो आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा व्यय शंभरावा हिस्सा उरतो. ओहमचा नियम लावायचा तो तारेच्या दोन टोकांमधील विभवांतराला.

तक्ता काढून टाकू नका. शेजारी हाताने फिरवायचे एक छोटे जनित्र ठेवा. एकाने दांडा फिरवावा, दुसऱ्याने त्याच्या पाठीमागे एकेक दिवा समांतर जोडत जावे. कितवा दिवा जोडला, हे पहिल्याला मागे न पाहता सांगता येते का, ते बघा.