शाश्वत पूल, नाशवंत बस



विषय दिला आहे 'महानगर आणि शाश्वत वाहतूक'. मी वाहतुकीचा तज्ज्ञ नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्दावर अडायची खोड लागली आहे. इथे तर पहिल्याच शब्दावर अडलो. इंग्रजी 'सस्टेनेबल'साठी आपण 'शाश्वत' हा शब्द घेतला. आमच्या शास्त्रात शाश्वत म्हणजे नित्य, ज्याला नाश नाही ते. बुद्धाने शाश्वतवाद आणि उच्छेदवाद ही दोन्ही टोकं नाकारली. पुणे शहराने मात्र दोन्ही स्वीकारलेली दिसतात. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल आठवा. २००६ च्या सुमारास बांधले, २०२० मध्ये पाडले. कारण नव्या मेट्रोची आखणी त्यांच्यात बसेना. पंधरा वर्षांच्या आत उत्पत्ती आणि उच्छेद! (हशा)

आता गंभीरपणे सांगतो. या शब्दाने आपलं नुकसान केलं आहे असं माझं मत आहे. शाश्वत म्हटलं की डोळ्यांसमोर काँक्रीट येतं. एकदा बांधलं की झालं, फीत कापली, फलक लागला. पण शहराची वाहतूक ज्यावर खरोखर टिकते ती गोष्ट याच्या अगदी उलट स्वभावाची असते. बस ही नाशवंत वस्तू आहे. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची फेरी आठ-दहालाच हवी. ती चुकली तर साठवून दुपारी वापरता येत नाही. ती रोज नव्याने घडवावी लागते. चालक, वाहक, वर्कशॉपमधला मेकॅनिक, पहाटे बस धुणारी माणसं, सगळ्यांना मिळून.

हॅना आरेंट या विदुषीने १९५८ साली 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात श्रम आणि निर्मिती असा एक भेद केला. निर्मितीतून टिकणारी वस्तू उरते, टेबल म्हणा, इमारत म्हणा. श्रमातून काहीच उरत नाही. स्वयंपाक केला, खाल्ला, पुन्हा चूल पेटवा. आपल्याकडे घरात जी किंमत स्वयंपाकाला, तीच नगरपालिकेत बसला. बायका हे लगेच ओळखतील.

आता हिशेबाची भाषा बघा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून २००७ साली पीएमपीएमएल झाली. तिच्या खर्च आणि उत्पन्नातल्या फरकाला संचलन तूट म्हणतात, ती दोन्ही महापालिका ६०:४० प्रमाणात भरून देतात, आणि बातमी येते की पीएमपी तोट्यात. बरं, उड्डाणपुलाचं उत्पन्न किती? शून्य. मग पूल तोट्यात गेला अशी बातमी कुणी वाचली आहे का? पुलावर घातला की विकास, बसमध्ये घातला की तूट. हा निव्वळ भाषेचा खेळ आहे, आणि या खेळात २०२५ च्या जूनमध्ये किमान तिकीट पाच रुपयांवरून दहा झालं. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने तूट भरायची. केंद्राचा मानदंड आहे लाख लोकांमागे साठ बस. दोन्ही शहरांना मिळून साडेतीन-चार हजार तरी हव्यात. ताफा दोन हजारांच्या आसपास.

बीआरटीचं काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते उत्तम उदाहरण आहे. ही कल्पना लॅटिन अमेरिकेतली. कुरितीबाने १९७४ मध्ये सुरू केली, बोगोटाने २००० मध्ये. बोगोटाचे महापौर पेन्यालोसा यांचा युक्तिवाद साधा होता. बसमध्ये ऐंशी माणसं, मोटारीत एक. मग रस्त्यावर बसचा हक्क ऐंशी पट. लोकशाहीचा इतका सोपा पाठ मी वर्गातही कधी देऊ शकलो नाही. पुण्याने देशात सर्वांत आधी, २००६ च्या डिसेंबरमध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर ती आणली. त्याच वर्षी राष्ट्रीय धोरणही आलं : रस्ता वाहनांसाठी नसून माणसांसाठी. म्हणजे विचार होता, पैसा होता. मग अडलं कुठे? मार्गिका बांधली, आणि बांधून झाल्यावर काम संपलं असं समजलं गेलं. मार्गिकेत दुचाक्या घुसतात, तर तिथे रोज माणूस उभा करावा लागतो. थांबा रस्त्याच्या मध्ये, तर तिथवर पोचायला म्हाताऱ्याला पुरेल एवढा वेळ सिग्नल हवा. बस दर पाच मिनिटांनी हवी, नाहीतर रिकामी मार्गिका बघून शेजारच्या कोंडीतला मोटारवाला चिडणारच. यातलं काहीही फीत कापण्यासारखं नाही. शेवटी नगर रस्त्यावर मार्गिकेचा काही भाग उखडूनच टाकला.

सायकलींचंही तेच. २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, ॲपवरच्या रंगीत सायकली आल्या, दोन-तीन वर्षांत गेल्या. पार्किंगचं धोरण २०१८ मध्ये पाचच रस्त्यांपुरतं कापून मंजूर झालं, आणि तेवढंही अमलात आलं नाही. त्याला विरोध कुणी केला? आपणच. मीही तेव्हा दारासमोर फुकट गाडी लावत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

आता मोतीबिंदूनंतर रात्री गाडी चालवत नाही. गेल्या वर्षी एका व्याख्यानाला बसने निघालो. बस थांब्यापासून दूर, रस्त्याच्या मध्येच थांबली. पायरी एवढी उंच की मी धरायचा दांडा शोधेपर्यंत ती निघून गेली. चालकावर मी रागावलो नाही, त्याला वेळ गाठायची होती. मी घरी परतलो. आज नातीने सोडलं म्हणून इथे आहे. या मालेला पूर्वी आमचा सात-आठ जणांचा कंपू यायचा. आज तिघे दिसतात. बाकीचे हयात आहेत हो! (हशा) त्यांना फक्त रस्ता ओलांडायचं भय वाटतं.

एक चिठ्ठी आली आहे. 'म्हणजे सरांना मेट्रो नको आहे का?' हवी आहे. २०२२ पासून आहे, मी बसलोही आहे, चांगली आहे. पण स्टेशनातून उतरल्यावर पुढच्या अर्ध्या मैलाचं काय? तिथे पदपथावर दुचाकी उभी असेल, तर माझ्यापुरती मेट्रो जिन्याच्या शेवटच्या पायरीला संपते. माझी मागणी छोटी आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात 'बांधणे' आणि 'चालवणे' असे दोन स्तंभ शेजारीशेजारी छापा. पूल, बोगदे पहिल्यात. बसफेऱ्या, पदपथांची दुरुस्ती, सिग्नलवरची माणसं दुसऱ्यात. आणि दर वर्षी ते दोन आकडे वॉर्डातल्या सभेत मोठ्याने वाचा. वाचायला मी येईन, बस मिळाली तर.